लिनक्स टाकायचं ठरलं, पण कुठलं?

घरातला संगणक रखडायला लागला की कुणीतरी जाणकार सांगतोच, "अरे, लिनक्स टाक ना त्यावर." सांगणारा निघून जातो, आणि घोडं पेंड खातं ते त्यानंतर. कुठलं लिनक्स? शोधायला बसावं तर उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च, मांजारो, झोरिन, ओपनसूसे… यादी संपतच नाही. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि आपलं सोडून बाकी सगळी कशी कुचकामी, हे प्रत्येक भक्ताला तोंडपाठ आहे. दोन तास वाचून डोकं दुखायला लागतं, लॅपटॉप मिटला जातो आणि दुसऱ्या दिवशी जुनंच पुन्हा रखडत सुरू होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि हा प्रश्न एकदम पुष्कळ घरांत शिरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं केवळ नियमात बसत नाहीत म्हणून मागे पडली. अशा यंत्राचं काय करायचं, या प्रश्नावर लिनक्स हे सरळ उत्तर आहे. फक्त निवडीचा गुंता सोडवायला हवा, आणि तो दिसतो तेवढा मोठा नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. लिनक्स हे खरं तर अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव नव्हे. ते तिच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं. कर्नल हा घरातल्या कारभाऱ्यासारखा असतो. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कीबोर्डवरची कळ कुणाकडे पोचवायची, डिस्कवर कधी लिहायचं, हे सगळं तो बघतो, पण पाहुण्यांसमोर कधी येत नाही. नुसतं कर्नल संगणकावर टाकलं तर तुम्हाला वापरण्यासारखं काहीच दिसणार नाही. फाइल कॉपी करण्यापासून पुढची बरीचशी मूलभूत हत्यारं ग्नू प्रकल्पातून आली. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला होता. त्यावर खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप हवा, ब्राउझर हवा, नवे प्रोग्राम आणून बसवणारी यंत्रणा हवी. हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून, पेनड्राइव्हवर मावेल असं गाठोडं जो बांधून देतो, त्याच्या गाठोड्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. लाडानं डिस्ट्रो.

म्हणजे काय झालं, की गाठोडी वेगळी असली तरी आतला माल बराचसा एकच. फायरफॉक्स सगळीकडे तोच. लिबरऑफिस तेच, व्हीएलसी तेच, कर्नलही तेच, फार तर आवृत्ती जुनी-नवी. एकात इंटरनेट पळतं आणि दुसऱ्यात चालतं, असं काही नसतं. हे एकदा मनात बसलं की भीती निम्मी होते, कारण मग 'चुकीचा' डिस्ट्रो निवडणं तसं अवघडच ठरतं.

आणि ते 'फ्री' म्हणजे काय? इंग्रजीत या एका शब्दानं फार घोळ घातलाय. फुकट आणि स्वतंत्र दोन्हीला तोच शब्द. आपल्याकडे मोफत आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द तयारच आहेत, त्यामुळे आपल्याला समजायला सोपं. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. हे सगळे डिस्ट्रो मोफत आहेत, पण शेकडो डिस्ट्रो निर्माण झाले ते मुक्त असण्यामुळे. एखाद्याला डेबियन आवडलं पण त्यातली एक गोष्ट खटकली, की तो ती बदलून आपलं वेगळं गाठोडं बांधू शकतो. उबुंटू असंच डेबियनवर उभं राहिलं, आणि मिंट उबुंटूवर. घराणीच आहेत ही.

तर निवडताना बघायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी: समोर दिसतं काय, बदलतं किती वेळा, आणि मागे उभं कोण आहे.

पहिली गोष्ट डेस्कटॉप. नवख्या माणसाला आवडतं किंवा नावडतं ते बहुतेक वेळा हेच, आणि तो नाव मात्र डिस्ट्रोला ठेवतो. 'मला उबुंटू आवडलं नाही' असं म्हणणाऱ्याला बहुधा ग्नोम, म्हणजे उबुंटूत दिसणारा डेस्कटॉप, आवडलेला नसतो. ग्नोममध्ये खाली टास्कबार नाही, स्टार्ट मेन्यू नाही. मोकळा पडदा आणि एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या पसरून समोर येतात. उबुंटू त्याला कडेची पट्टी जोडून देतं, फेडोरा तो जवळजवळ मूळ रूपात देतं. ज्यांना सवय लागते ते परत मागे जात नाहीत. ज्यांना लागत नाही ते पहिल्या दहा मिनिटांत चिडतात. २०११ मध्ये ग्नोमनं हे नवं रूप घेतलं तेव्हा चिडणाऱ्यांची संख्या इतकी होती, की मिंटवाल्यांनी जुन्या वळणाचा सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप बनवायला घेतला. सिनॅमन विंडोजवरून येणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटतो: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. केडीई प्लाझ्माही त्याच वळणाचा, पण त्यात बदलता येणार नाही अशी गोष्ट शोधून सापडत नाही. ज्यांना सेटिंग्ज उचकटायला आवडतात त्यांची चैन, बाकीच्यांना गरगरतं. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे दोघे साधे, हलके, दिसायला थोडे जुनाट. कमी मेमरीच्या यंत्रावर बरे.

मेमरीवरून आठवलं. 'हलका डिस्ट्रो' टाकला की जुना लॅपटॉप नव्यासारखा पळेल, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धवट खरं आहे. हलक्या डेस्कटॉपमुळे काहीशे एमबी वाचतात, पण ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की ते तिथंच खर्ची पडतात. रॅम दोन जीबी असेल तर कुठलाही डिस्ट्रो आजच्या वेबसाइटपुढे धापा टाकणारच. चार जीबीत ठीक चालतं, आठमध्ये विचारच करावा लागत नाही. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो दहा डिस्ट्रो बदलूनही पडत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बदलाचा वेग. इथं दोन टोकं आहेत.

एका टोकाला डेबियन. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प साधारण दोन वर्षांनी एक नवी स्थिर आवृत्ती काढतो. १२ वी जून २०२३ मध्ये आली, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रोग्रामची नवी आवृत्ती आधी 'अनस्टेबल' नावाच्या शाखेत येते. तिथं काही दिवस राहून मोठी खोट सापडली नाही तर 'टेस्टिंग'मध्ये सरकते. मग एके दिवशी टेस्टिंग गोठवतात, म्हणजे नवं काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या करायच्या, आणि महिनोन्महिने घासूनपुसून तीच पुढची स्थिर आवृत्ती म्हणून बाहेर पडते. त्यानंतर तिच्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येत राहतात, नव्या सोयी सहसा येत नाहीत. आज जे बटण जिथं आहे ते दीड वर्षानंतरही तिथंच सापडणार.

दुसऱ्या टोकाला आर्च. त्यात आवृत्ती ही भानगडच नाही. मूळ लेखकानं नवा प्रोग्राम काढला की थोड्याच दिवसांत तो तुमच्या यंत्रावर. याला रोलिंग म्हणतात. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण महिनाभर संगणक लावलाच नाही आणि मग एकदम अपडेट केलं, तर शेकडो पॅकेजं, म्हणजे प्रोग्राम आणि त्यांचे भाग, एका फटक्यात बदलतात आणि त्यातलं एखादं हटून बसलं तर सोडवायचं तुम्हीच. आर्च वापरणाऱ्याने अपडेट करण्याआधी घोषणा वाचाव्यात अशी अपेक्षाच असते. ओपनसूसेचं टंबलवीडही रोलिंग आहे, पण तिथं प्रत्येक खेप यंत्राकडून आपोआप तपासून मगच सोडतात, त्यामुळे या जातीत ते जास्त सभ्य.

मधे बाकीचे. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं आणि प्रत्येकीला तेरा महिन्यांच्या आसपास सांभाळतं. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी उडी मारावी लागणार. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे सरळ वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती 'एलटीएस', दीर्घकाळ सांभाळली जाणारी. तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. घरी उबुंटू टाकायचं तर एलटीएसच टाका. मिंट तर एलटीएसवरच बेतलेलं असतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

आता स्वतःला विचारा: सकाळी संगणक उघडल्यावर काही बदललेलं दिसलं तर मला उत्सुकता वाटते की कपाळाला आठी पडते? आठी पडत असेल तर रोलिंगच्या वाटेला जाऊ नका, मग भक्त काहीही सांगोत. एकच अपवाद. यंत्र अगदी नवं, याच वर्षी बाजारात आलेलं असेल, तर त्यातल्या वायफायची किंवा ग्राफिक्सची ओळख दोन वर्षांपूर्वीच्या कर्नलला नसण्याची शक्यता असते. अशा वेळी फेडोरासारखं ताजं काहीतरी बरं.

तिसरी गोष्ट, मागे कोण. डेबियनमागे जगभरचे स्वयंसेवक आहेत, आणि ते दरवर्षी मतदान करून आपला प्रमुख निवडतात. उबुंटूमागे कॅनॉनिकल कंपनी, फेडोरामागे रेड हॅटचा आधार, मिंटमागे देणग्यांवर चालणारा छोटा चमू. कंपनी असली की पगारी माणसं काम करतात, पण तिचं धोरणही बदलतं. सर्व्हरवर पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस या डिस्ट्रोच्या ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं ठरलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं सांगितलं, की २०२१ अखेर संपेल. सर्व्हरवाल्यांची तारांबळ उडाली. उलट बाजूनं, एखाद-दोन हौशी माणसांनी चालवलेला सुंदर डिस्ट्रो त्यांची हौस फिटली की बंद पडतो, हेही पाहिलंय. म्हणून पहिल्या निवडीला तरी दहा वर्षं टिकलेलं नाव घ्यावं. डिस्ट्रोवॉच या साइटवरची क्रमवारी बघून ठरवू नका. तिथला आकडा त्या त्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं त्याचा असतो, तो किती जण वापरतात याचा नव्हे.

इतकं झाल्यावर दोन-तीन नावं उरतात. आता वाचणं थांबवून पेनड्राइव्ह काढा, कारण हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डिस्ट्रोच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं गाठोडं एका फाइलीत, उतरवायची, आणि तिच्यासोबत दिलेला चेकसमचा (फाइलीची ओळख पटवणारा) लांबलचक आकडा आपल्या फाइलशी जुळतो का ते बघायचं. कंटाळवाणं वाटतं, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट फोडून कुणीतरी तिथं छुपा दरवाजा बसवलेली फाइल लावून ठेवली होती. ज्यांनी आकडा मूळ आकड्याशी ताडून पाहिला ते वाचले. मग रूफस, एचर किंवा व्हेंटॉय यांपैकी कशानंही ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप, जी कळ तुमच्या यंत्राला लागू असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचा. डिस्कला हातही न लावता अख्खी सिस्टीम समोर उभी राहते. याला लाइव्ह म्हणतात.

इथं लोक वॉलपेपर बघतात, मेन्यू उघडझाक करतात आणि 'छान आहे' म्हणून इन्स्टॉल करतात. मी काय करतो सांगतो. आधी वायफाय जोडतो. जोडलं गेलं की एखादा व्हिडिओ लावून आवाज येतो का ऐकतो, हेडफोन लावून काढून पुन्हा ऐकतो. पडद्याचा उजेड कळांनी कमीजास्त होतो का पाहतो. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवतो. प्रिंटर असेल तर एक पान छापतो. कॅमेरा. ब्लूटूथ. मग सगळ्यात खवट परीक्षा: झाकण मिटतो, मिनिटभर थांबतो, उघडतो. काही यंत्रं इथं काळा पडदा दाखवून बसतात आणि बटण दाबून धरल्याशिवाय हलत नाहीत. ही परीक्षा पास झाली की शेवटी देवनागरीत दोन ओळी टाइप करून बघतो, जोडाक्षरं नीट दिसतात का ते. वीस मिनिटांचं काम आहे, आणि त्यात कळतं ते कुठल्याच तुलनेच्या लेखात लिहिलेलं नसतं, कारण ते तुमच्या यंत्राबद्दल असतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर लाइव्हमध्ये थोडं अडखळलं तरी घाबरू नका. त्याचा कंपनीचा ड्रायव्हर नंतर बसवावा लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी खिडकी आहे. बोटाचा ठसा वाचणारी चकती मात्र चालली तर नशीब समजा.

यंत्राइतकीच कामाचीही परीक्षा हवी. तुमचं पोट फोटोशॉपवर चालत असेल तर लिनक्स तुमच्यासाठी नाही, निदान त्या एका यंत्रावर नाही. फोटो दुरुस्त करायचं गिम्प चांगलं आहे, पण ते फोटोशॉप नव्हे. लिबरऑफिस वर्डच्या फाइली उघडतं. साधं पत्र जसंच्या तसं दिसतं, किचकट मांडणीचा तक्ता कधीकधी हलतो. गेमचं चित्र खूपच सुधारलंय: व्हॉल्व या गेम कंपनीनं २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून त्यातले पुष्कळ चालतात, पण फसवणूक पकडण्यासाठी थेट विंडोजच्या गाभ्यात शिरणारे ऑनलाइन गेम बहुतेक चालत नाहीत. जे काही उरलंय ते ब्राउझरमध्ये होत असेल, आणि बहुतेकांचं तसंच असतं, तर प्रश्नच मिटला.

इन्स्टॉल करताना एकच गोष्ट जपायची: बॅकअप. आणि बॅकअप घेतला की ती डिस्क उपसून बाजूला ठेवायची. हे सांगतोय कारण मी ठेवली नव्हती. इन्स्टॉलरनं दोन डिस्क दाखवल्या, एसडीए आणि एसडीबी. मी घाईत दुसरी निवडली. लॅपटॉपची डिस्क शाबूत राहिली आणि बॅकअपची डिस्क पुसून तिच्यावर चकचकीत लिनक्स बसलं. जुने फोटो लॅपटॉपवर होते म्हणून वाचलो, पण त्या पाच मिनिटांत तोंडाला पडलेली कोरड अजून आठवते.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आणखी तीन बारक्या गोष्टी. डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या कुलूप लावणाऱ्या सोयीनं, कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बूटचा क्रम बदलला की विंडोज ती मागू शकतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, कारण त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता डुलकी घेतं आणि मग त्याच्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही. आणि तिसरी, घड्याळ. लिनक्समध्ये काम करून विंडोजमध्ये आलात की वेळ काही तासांनी चुकलेली दिसेल. बॅटरी गेलेली नाही. यंत्रातल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ. दोघं एकच घड्याळ आपापल्या परीनं वाचतात. लिनक्सला एका कमांडनं विंडोजची पद्धत पाळायला लावता येतं.

मग माझं मत काय? पहिल्यांदाच येणाऱ्याला मिंट, सिनॅमनसह. यंत्र अशक्त असेल तर एक्सएफसीईसह. त्यात टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. ती सिस्टीमचा फोटो काढून ठेवते, आणि एखादं अपडेट बिघडलं तर काल जसं होतं तसं परत आणते. बाबांच्या लॅपटॉपवर मी तेच टाकून दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, "माझे फोटो कुठे गेले रे?" ते 'पिक्चर्स'मध्येच होते, फोल्डरचं चिन्ह तेवढं वेगळं दिसत होतं. ग्नोमची मोकळी मांडणी आवडली आणि यंत्र नवं असलं तर फेडोरा. मी स्वतः डेबियनवर आहे, कारण माझ्या कपाळाला आठी पटकन पडते. लिनक्सबाहेरही मुक्त सिस्टीम आहेत, फ्रीबीएसडी त्यातली सर्वांत भक्कम, पण घरच्या लॅपटॉपवर पहिल्याच फेरीत तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि निवड फसली तर? त्यासाठी इन्स्टॉल करतानाच एक तजवीज करून ठेवता येते. डिस्कचे दोन भाग पाडायचे: एकात सिस्टीम, चाळीस-पन्नास जीबीचा, उरलेल्या सगळ्यात 'होम', म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज. उद्या मिंट सोडून फेडोरा टाकावंसं वाटलं तर पहिला भाग पुसायचा, दुसरा तसाच 'होम' म्हणून जोडायचा आणि त्यावरची 'फॉरमॅट'ची खूण न चुकता काढायची. डेस्कटॉपही बदलत असाल तर नव्या सिस्टीममध्ये वापरकर्त्याचं नाव थोडं वेगळं ठेवा. नाहीतर जुन्या डेस्कटॉपच्या सेटिंग्ज नव्याच्या पायात येतात. कधी फाँट अवाढव्य होतात, कधी खालची पट्टीच गायब. फाइली जुन्या नावाच्या फोल्डरमधून नंतर सावकाश हलवता येतात.